लुगड्यापासून काकड्यापर्यंत

उदगीरची लढाई १७६० सालीं झाली, हें शाळेंतील मुलांना पाठ असतें. सदाशिवरावभाऊंच्या फौजेनें निजामाला नमविलें, तह झाला, मोठा मुलूख मराठ्यांकडे आला. या गोष्टी पाठ्यपुस्तकांत आहेत आणि त्या तेथें असावयासच पाहिजेत. परंतु ती मोहीम हिवाळ्यांतली होती. उदगीर, औसा, निलंगा या बाजूच्या उघड्या माळावर पौष-माघांत पहांटे जें गार वारें सुटतें, तें त्या सालींहि सुटलेंच असेल. त्या वाऱ्यापासून गोरगरिबांच्या लेंकरांना जिनें राखलें, तिचें नांव कोणत्याहि तहनाम्यांत नाहीं. ती म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेलगत तीच कौदी होते.

जुनी वस्तु टाकून न देतां तिच्यांतून घराला शोभा आणणारी नवी वस्तु करावी, आणि ती करतांना मुलांना हाताशीं घ्यावें, हा विचार हल्लीं शाळांतून नवा म्हणून शिकविला जातो. लातूरकडच्या घरांत तो कित्येक पिढ्या वहिवाट म्हणून नांदत होता. ती वहिवाट कशी पडली, कोणत्या कारणांनीं मोडत आली, आणि ती पुरती मोडली तर तिच्याबरोबर नेमकें काय जाईल, हें पाहण्यासारखें आहे.

मूळ कारण कापडाचें मोल. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला कापूस मानवतो. लातूरच्या पश्चिमेस तेर म्हणून गांव आहे. प्राचीन काळीं तें तगर या नांवानें प्रसिद्ध होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचा समुद्रव्यापाराचा ग्रंथ लिहिला. तगरचें जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांत घालून भडोचच्या बंदराकडे नेलें जातें, असा उल्लेख त्यांत आहे. परदेशीं जाणाऱ्या या मालाच्या प्रत्येक वारामागें सरकी काढणारा, पिंजणारा, सूत कांतणारी, रंगविणारा आणि विणणारा अशा किती तरी हातांची मेहनत असे. एवढ्या हातांखालून आलेली वस्तु फाटली म्हणून फेंकून देणें त्या काळच्या माणसाला सुचणेंच शक्य नव्हतें. बौद्ध भिक्षूंचीं चीवरें तुकडे जोडून शिवलेलीं असत, आणि त्या तुकड्यांची मांडणी मगधांतील बांध घातलेल्या शेतांवरून घेतली, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. संस्कृतांतील ‘कंथा’ आणि बंगाल्यांतील ‘कांथा’ हीं गोधडीचींच भावंडें होत. जुन्या साडीच्या कांठांतून रंगीत दोरे उपसून त्यांनींच कांथा शिवावयाची, ही बंगाली स्त्रियांची रीत प्रसिद्ध आहे.

एका लुगड्याचें आयुष्य डोळ्यांपुढें आणलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. इरकली किंवा नारायणपेठी नऊवारी लुगडें घरांत येई. प्रथम तें सणासुदीला नेसलें जाई, पुढें रोजच्या वापरांत पडे. मध्यें विरलें म्हणजे तेवढा भाग कापून काढीत आणि राहिलेलीं दोन चांगलीं टोकें जोडून त्याला दांड घालीत. दांड घातलेलें लुगडें आणखी कांहीं दिवस निभे. त्यानंतर त्यांतून पोरीचा परकर किंवा तान्ह्याचें झबलें निघे. जें धुवून धुवून लोण्यासारखें मऊ पडलें, त्याचें नव्या बाळासाठीं दुपटें होई, आणि उरलेल्याची गोधडी. गोधडीहि झिजली म्हणजे तिच्यांतून घागरीखालची चुंबळ, चुलीवरचें भांडें उतरावयाचें फडकें, आणि अखेरीस जमीन सारवावयाचें पोतेरें होई. स्वच्छ धुतलेल्या एखाद्या पट्टीला पीळ देऊन तेलांत भिजवीत, आणि आश्विन-कार्तिकांत पहांटे विठ्ठलापुढें तिचा काकडा पेटे. लुगड्यापासून काकड्यापर्यंत असा हा प्रवास; त्यांत उकिरड्याचा मुक्काम कोठेंच नाहीं.

गोधडीचा हंगाम सुगी उरकल्यानंतरचा. चैत्र-वैशाखांत शेताचें काम थांबलें, ऊन कडक झालें, म्हणजे बायकांना थोडी उसंत मिळे आणि धुतलेलें कापडहि चटकन् वाळे. जुनीं लुगडीं, धोतरें, पटके उकळत्या पाण्यांतून काढून, आपटून, उन्हांत टाकीत. मग निवड होई. घट्ट विणीचें लुगडें खालीं आणि वर घ्यावयाचें; विरलेलीं, फाटलेलीं मध्यें भरावयाचीं. कांठ उसवून निराळे ठेवावयाचे, कारण ते शेवटीं कडेला लागतात. सारवलेल्या ओसरीवर खालचा पदर पसरला म्हणजे सुरकुती पडूं नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवीत, किंवा चार पोरें बसवीत. पदरावर पदर चढले म्हणजे लांब टांक्यांनीं ते एकमेकांत अडकवीत, आणि मग कडेपासून आंत असा धांवदोरा सुरू होई. एका बोटाच्या अंतरानें एकेक ओळ, आणि अशा किती तरी ओळी. रजईंत कापूस भरलेला असतो, गोधडींत निराळें भरण कांहीं नसतें. पदरापदरांमध्यें कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते, आणि टांके त्या पदरांना जागचे हलूं देत नाहींत. गोधडी जितकी धुवावी तितकी मऊ होत जाते, हा तिचा आणखी एक गुण.

या कामांत प्रत्येक वयाला जागा होती. अगदीं लहान मुलानें कोपऱ्यावर बसावयाचें. त्याचें वजन हेंच त्याचें काम. त्याहून थोड्या मोठ्यानें आजीला सुई ओंवून द्यावयाची, कारण आजीचे डोळे मंदावलेले असत आणि नातवाची नजर तीक्ष्ण. सात-आठ वर्षांच्या मुलीकडे कांठ उसविण्याचें काम येई. कापड न फाडतां दोरा काढणें ही धीराची परीक्षा असते, आणि ती परीक्षा कोणी घेत आहे असें त्या मुलीला कळतहि नसे. तिच्याहून मोठीनें रंगीत तुकडे कापावयाचे. त्रिकोण, चौकोन, शंकरपाळ्याचा आकार, क्वचित् एखादा पोपट. हे तुकडे कोठें लावले म्हणजे साजतील, यावर घरांत गंभीर चर्चा होई. जवळपास तांडा असला तर बंजारा स्त्रियांच्या पोशाखांवर जडविलेल्या कवड्या, आरशाचे तुकडे आणि जुनीं नाणीं मुलांनीं पाहिलेलीं असत. टाकाऊ वस्तूचा दागिना कसा करावा, याचा तो उत्तम वस्तुपाठ होता. कातरणांतून जें उरे त्याची चिंध्यांची बाहुली होऊन भातुकलींत जाई.

परंतु हातांच्या कामापेक्षां तोंडाचें बोलणें महत्त्वाचें होतें. प्रत्येक तुकडा उचलतांना मूल विचारी, हा कोणाचा? हें जांभळें आत्याच्या लग्नांतलें. हा आजोबांचा पटका. ते हा बांधून बाजाराला जात. हें तुझ्या काकाचें झबलें. तो लहानपणीं फार रडे. असें करतां करतां तीन पिढ्यांचा वृत्तांत मुलाच्या कानांवरून जाई आणि रात्रीं तोच वृत्तांत पांघरून तें निजे. घरांतलें माणूस देवाघरीं गेलें तरी त्याच्या वस्त्राची ऊब गोधडींत राही, आणि मुलाला त्या माणसाची ओळख त्या तुकड्यावरून होई.

त्या काळीं मराठवाड्यांतील पुष्कळ मुलांना दुसरी शाळा लाभत नसे, म्हणून तर या ओसरीवरच्या शिक्षणाचें मोल अधिक. लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. १९१८ सालीं हैदराबादेंत उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें माध्यम उर्दू. खेड्यांत शाळा विरळ, आणि मुलींसाठीं तर फारच विरळ. १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढें स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. पण अशा संस्था बोटांवर मोजण्याइतक्याच. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. तोंवर कित्येक मुलींचें गणित आणि भूमिति गोधडीवरच झाली. वीत, हात आणि बोट हीं त्यांचीं मापें. चौकोन कर्णावर दुमडला कीं दोन सारखे त्रिकोण होतात, हें त्यांना कोणत्याहि प्रमेयावांचून कळे.

मध्यंतरीं कापडाचें जग बदलत होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत गिरण्या उभ्या राहिल्या. १८७७ सालीं सोलापुरासहि गिरणी निघाली. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. अडीच फुटी रुळांवरून धांवणारी ती चिमुकली गाडी लातूरच्या पेठेंतला कापूस घेऊन जाई, आणि तोच कापूस कोठल्या तरी गिरणींतून कापड होऊन परत येई. पुढें नांदेडलाहि उस्मानशाही गिरणी सुरू झाली. गिरणीच्या चिटाचे रंगीबेरंगी तुकडे गोधडींत दिसूं लागले आणि तिची शोभा वाढली. यंत्रानें गोधडी मारली, असें या टप्प्यावर तरी म्हणतां येत नाहीं. उलट यंत्राचें सुती कापड तिनें आनंदानें पोटांत घेतलें.

मात्र गोधडीचें कौतुक करतांना तिच्यामागचें दारिद्र्य विसरून चालणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कापडाची एवढी टंचाई झाली कीं १९४३ सालीं ब्रिटिश हिंदुस्थान सरकारला कापडावर नियंत्रण बसवावें लागलें. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील बायाबापड्या रस्त्यांच्या कामांवर खडी फोडीत होत्या. अशा दिवसांत गोधडीवर ठिगळ लागे तें हौसेनें नव्हे. गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) आयुष्यभर चिंध्यांचें वस्त्र अंगावर आणि मडक्याचें खापर हातांत वागविलें. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. गरिबाच्या ठिगळाला त्यांनीं जी प्रतिष्ठा दिली ती मोठीच. परंतु गरिबी टिकावी असें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. त्यांनीं धर्मशाळा बांधल्या आणि मुलांना शिकवा असें सांगितलें. गोधडीकडेहि याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. गरज जावी, गरजेनें शिकविलेलें शहाणपण राहावें.

शिक्षणशास्त्रज्ञांना हें शहाणपण निराळ्या वाटेनें सांपडलें. १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें फ्रोबेलनें बालकांची संस्था काढली. तीच पुढें किंडरगार्टन या नांवानें जगभर पसरली. कागद दुमडणें, पट्ट्या विणणें, शिवणें यांना त्यानें खेळाचें आणि शिक्षणाचें स्थान दिलें. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची योजना आंखली. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर ताराबाई मोडक यांचें कार्य याहूनहि जवळचें. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाचा पाया घातला. १९४५ सालीं त्या बोर्डीस गेल्या आणि १९५७ सालीं कोसबाडला. परदेशी धर्तीचीं महाग शैक्षणिक साधनें खेड्यांतल्या मुलांना परवडणारीं नव्हतीं. तेव्हां ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं शिंपले, खडे, बिया, पानें गोळा केलीं आणि त्यांतूनच बालवाडी उभी केली. जें अंगणांत पडलें आहे तेंच मुलाचें पहिलें साहित्य, हा त्यांचा सिद्धान्त लातूरच्या आजीला सांगितला असता तर तिला त्यांत नवल वाटलें नसतें.

मग ही वहिवाट मोडली कशानें? पहिला घाव कापडाच्या जातीनें घातला. १९६० नंतर नायलॉन आणि टेरिलीन घरोघर शिरलें. हें कापड फाटत नाहीं, विटत नाहीं, चटकन् वाळतें. म्हणून कष्टकरी स्त्रीला तें सोयीचें झालें, आणि त्याबद्दल तिला दोष देतां येणार नाहीं. परंतु गोधडीला तें निरुपयोगी. पदरावर पदर ठेवला तर घसरतो, घाम टिपला जात नाहीं, विस्तवाची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतें. सुती लुगडें म्हातारपणीं मऊ होत असे. हें कापड म्हातारें होतच नाहीं, आणि म्हणून त्याला दुसरा जन्महि नाहीं.

दुसरा घाव धरणीकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचीं जड छपरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें गेलीं. बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. नवीं घरें पक्कीं झालीं, तें आवश्यकच होतें. परंतु रस्ते रुंद झाले आणि शेजार लांबला. दुपारच्या वेळीं चार शेजारणींनीं एकाच गोधडीच्या चार बाजू धरून शिवावयाचें, तर ओसरीला ओसरी लागून असावी लागते.

तिसरें कारण शहरांतल्या घरांत रोज दिसतें. कापड स्वस्त झालें आहे, किंवा तसें भासतें. त्याचा खरा हिशेब लातूरइतका दुसऱ्या कोणत्या शहराला समजावा! १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून ‘जलदूत’ नांवाची आगगाडी तहानलेल्या लातुरांत आली. पहिल्या खेपेला तिच्यांत दहा वाघिणी आणि पांच लाख लिटर पाणी होतें. कापूस पिकविण्यापासून शिवण्यापर्यंत एका सुती सदऱ्यामागें सुमारें २,७०० लिटर पाणी खर्ची पडतें, असा जाणकारांचा अंदाज आहे. भागाकार केला तर त्या पहिल्या गाडींतील सगळें पाणी अवघ्या १८५ सदऱ्यांचें भरतें. एखाद्या मध्यम गृहसंकुलांत वर्षाकाठीं टाकून दिलेले सदरे मोजले तर आंकडा याहून लहान येईल असें वाटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, जुनें कापड तर आतां कारखान्यांतहि पुन्हां उपयोगांत आणलें जातें. मग गोधडीचा आग्रह कशाला? म्हणणें बरोबर आहे, आणि त्याचें उदाहरण इतिहासानें गंमतीनें निवडलें आहे. उदगीर जिंकून भाऊसाहेब ज्या पानिपताकडे गेले, त्याच पानिपतांत आज देशोदेशींच्या टाकलेल्या कपड्यांचे तंतु मोकळे करून त्यांचा धागा आणि त्या धाग्यांचीं ब्लँकेटें करण्याचा मोठा उद्योग चालतो. पानिपतचें ब्लँकेट आज कोठेंहि मिळतें. तें ऊबदार असतें, स्वस्त असतें, आणि वस्तु वांया जाऊं न देण्याचें काम तेंहि चोख करतें. फरक एवढाच कीं तें पांघरणाऱ्या मुलानें हा तुकडा कोणाचा असें विचारलें तर उत्तर देणारें कोणी नसतें. गोधडींतून कापड वांचत असे ही तिची अर्धी थोरवी. तिच्यांतून माणसांची ओळख पुढें जात असे ही उरलेली अर्धी. पहिली अर्धी यंत्राला साधली आहे. दुसरी घरानेंच साधावयास हवी.

त्याला फार मोठा खटाटोप लागत नाहीं. पूर्ण गोधडी नको. एक हात लांब आणि एक हात रुंद असें बसावयाचें आसन पुरे. त्यासाठीं घरांतलीं चार जुनीं सुती वस्त्रें शोधावीं : वडिलांचा विरलेला सदरा, आईची ओढणी, आजीचें पातळ, मुलाचाच आंखूड झालेला अंगरखा. तीं धुवून वाळवावींत, मळके आणि विरलेले भाग मध्यें घालावेत, आणि वरच्या पदरावर प्रत्येकाच्या वस्त्राचा एकेक तुकडा दिसेल असा ठेवावा. तुकड्यांची मांडणी मुलाला करूं द्यावी. ती मोठ्यांना आवडली नाहीं तरी बदलूं नये. बाजारांतून नवें रंगीत कापड कापून आणलें तर तुकडे सुबक दिसतील, पण मूळ हेतूच बुडेल. लहानानें सुई ओंवावी, मोठ्यानें टांका घालावा, आणि जो टांका वांकडा पडेल तो तसाच राहूं द्यावा. वीस वर्षांनीं आसन उलगडून पाहिलें तर पहिली नजर त्याच टांक्यावर जाईल.

मुलाला तुकड्यांची ओळख सांगावयास घरांत एक आजी, आणि आजीला सुई ओंवून द्यावयास घरांत एक मूल. या कलेला एवढें भांडवल लागतें. तें अजून पुष्कळ घरांत शिल्लक आहे.